किती टक्के

सिव्हिलमधल्या बाईंनी फॉर्म पुढं सरकवला.
वर कानडी, खाली इंग्रजी,
मध्ये एक रिकामा चौकोन, टक्क्यांचा.
कधीपासून लक्षात आलं, म्हणाल्या.
मी म्हटलं, सांगतो,
पण आधी ह्याचा आजा सांगतो.

भैरू जॉबर. वडगावात अजून नाव काढतात.
पंचवीस माग एकदम चालू,
आणि हा डोळे झाकून सांगायचा,
सातव्याचा धोटा उशिरा पोचतोय.
जेवायला एकच जर्मनचं ताट.
भाताला आमटी लागली की तसाच उठायचा.
घरी येताना गल्लीतल्या दरएक दाराच्या कडीला
बोट लावायचा,
एक चुकली तर परत कोपऱ्यापासून.
लोक हसायचे, चहा पाजायचे,
दिवाळीला दारं रंगवताना
कड्या तेवढ्या कोरड्या सोडायचे, भैरूसाठी.
वल्ली म्हणायचे.
टक्के कुणी विचारले नाहीत.

वैजू सात वर्षांचा.
आकडे कानडीत, ओंदु एरडु मूरु,
रंग मराठीत,
आणि भूक कुठल्याच भाषेत नाही.
भूक लागली की माझं मनगट धरतो,
नेऊन डब्याच्या झाकणावर ठेवतो,
जसा पाना नटावर ठेवावा.

उंबऱ्यापासून न्हाणीपर्यंत बॉबिन मांडतो,
जांभळं, जांभळं, मोरपंखी, जांभळं.
आम्ही भिंतीला पाठ घासत जातो येतो.
पुण्याहून नणंद आली, म्हणाली, लाडानं बिघडलंय पोर.
तीच नणंद मला हसते,
वैनी, बाईमाणूस असून ‘मी आलो’ काय म्हणतेस?
ती पण इथलीच. लग्नापर्यंत ‘आलो’च म्हणायची.
इथं ते बोलणं, तिकडं ती चूक.
मधल्या कुठल्या स्टॉपवर चूक होते
ते एसटीत बसून बघायचं राहिलंय.

हे सगळं मी हसत सांगितलं, बाईसुद्धा हसल्या.
मग त्यांनी विचारलं, आणि त्रास?

गेल्या मंगळवारी दुपारी वीज गेली.
सगळ्या गल्लीचे माग एकदम थांबले.
शेजारी म्हणाले, बरं झालं, घटकाभर डोळा लागेल.
वैजू जन्मल्यापासून त्या खटखटीत निजलेला.
त्यानं आधी कान चाचपले,
मग डोकं भिंतीवर आपटायला लागला,
एका लयीत,
मी उशी घातली तर उशी काढून,
मनगट चावलं, रक्त आलं.
इथं मी खोटं बोलणार नाही.
ह्याला वल्ली म्हणायला माझी जीभ वळत नाही.

लाटणं घेतलं आणि कट्ट्यावर बडवायला लागलो.
खटक फट, खटक फट.
पलीकडची महादेवक्का दारात आली,
एनाऽत्री, म्हणाली, आणि भिंतीकडं बघून
पुढं काही विचारली नाही.
डब्याचं झाकण उचललं, ती पण बसली.
दोन बायका, भर दुपारी, घामानं निथळत,
रिकाम्या कट्ट्यावर माग चालवत.
बाहेरनं कुणी बघितलं असतं
तर कुणाच्या चौकोनात काय भरलं असतं?
माझा ठोका जरा मागं पडला
तर वैजू आला,
माझं मनगट धरलं
आणि ठोका बरोबर जागेवर नेऊन ठेवला.

बाईंनी आकडा घातला.
आकडा लागतो. पासला लागतो, शाळेला लागतो,
मी नको म्हटलं नाही.
घडी करून ब्लाऊजात ठेवला.

गल्लीत शिरलो तर वीज होती, माग चालू होते.
वैजूनं माझा हात सोडला.
मी कोपऱ्यावरच थांबलो, पहिल्या दाराशी.
आता सगळ्या कड्या रंगवलेल्या असतात,
जाड, निळ्या,
दाराच्याच रंगाच्या.